धुळाक्षरे आणि डॉ. बेल

मानसशास्त्राच्या तासाला मुलांच्या अनुकरणाचा विषय निघाला होता. त्याच आठवड्यात ग्रंथालयात शिक्षणाच्या इतिहासाचे एक पुस्तक चाळताना मला डॉ. अँड्र्यू बेल भेटले, आणि चाचणी परीक्षेचा अभ्यास बाजूला सारून मी त्यांचे चरित्र वाचत बसलो.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १७५३ साली एका न्हाव्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. अमेरिकेत खासगी शिकवणी, मग धर्मोपदेशकाची दीक्षा, असे करीत १७८७ साली ते हिंदुस्थानात आले. १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या शाळेचे ते प्रमुख झाले. गोरे सैनिक व हिंदी स्त्रिया यांची ही मुले.

एकदा एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना बेल यांनी पाहिली. आपल्याकडची धुळाक्षरेच ती! हीच रीत आपल्या शाळेत सुरू करावी असे त्यांनी ठरवले, पण हाताखालच्या शिक्षकाने हे जमणार नाही म्हणून हात झटकले. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्किन या ८ वर्षांच्या मुलाला लहानांपुढे बसवले. वर्ग भराभर शिकू लागला. याला अक्षरे येतात, एवढे मुलांना पुरेसे होते.

मला माझी गावची शाळा आठवली. गुरुजी एक, वर्ग चार. हुशार म्हणून नावाजलेली चौथीतली एक मुलगी आम्हांला पाढे सांगे. एकदा ती सात नव्वे बासष्ट म्हणाली आणि आम्ही सगळी पोरे एका सुरात बासष्ट म्हणालो. मागच्या रांगेतून एकटाच त्रेसष्ट म्हणाला. तो ढ ठरलेला. आम्ही हसलो. मला त्रेसष्ट ठाऊक होते, तरी मीही हसलो. चौथीनंतर तो गुरांमागे गेला. मी घरातला पहिला कॉलेजात आलो.

बेल १७९६ साली परतले व पुढल्या वर्षी त्यांनी हा प्रयोग छापला. १८११ पासून इंग्लंडात त्यांच्या मद्रास पद्धतीच्या हजारो शाळा निघाल्या. १८३२ साली ते वारले, तेव्हा न्हाव्याच्या या मुलाला वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. त्यांच्या पद्धतीत घोकंपट्टी फार होती, आणि श्रेयावरून लँकेस्टरशी झालेला वाद मला तरी शोभणारा वाटत नाही. पण त्यांच्या वर्गात एक नियम होता : दुसऱ्याची चूक जो सुधारील, त्याने त्याच्या वरच्या जागी जाऊन बसावे. असा नियम आमच्याकडे असता, तर तो मुलगा त्या दिवशी मागच्या रांगेतून उठला असता.