ड्युकोवाला केटरिंग



सुताराकडे किंवा जुन्या गॅरेजमध्ये कधी गेलात तर ‘ड्युको’ हा शब्द तुमच्या कानावर नक्की पडेल. कपाटाला ड्युको मारायचा, गाडीला ड्युको करायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, ऑइल पेंट असतो तसा हा रंगाचा एक प्रकार असावा. खरं तर ते ड्युपॉन्ट या अमेरिकन कंपनीच्या रंगाचं १९२३ सालचं ब्रँड नेम आहे. आणि तो रंग मोटारीवर चढावा म्हणून ज्याने हट्ट धरला तो इंजिनिअर म्हणजे चार्ल्स केटरिंग. आपल्या ऑटोमोबाइलच्या पुस्तकात तो सेल्फ स्टार्टरच्या धड्यात एका ओळीत येतो आणि जातो. माझ्या मते हा अन्याय आहे, म्हणून हा लेख.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६चा, ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिलजवळच्या एका शेतावरचा. लहानपणापासून डोळे अधू. वाचायला बसलं की डोकं दुखायचं. काही काळ शाळामास्तरकी केली, मग कॉलेजला गेला, डोळ्यांपायी कॉलेज सोडावं लागलं, टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत खड्डे खणले आणि पुन्हा कॉलेजला आला. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत त्याचे मित्र त्याला पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायचे म्हणे. (आपल्या हॉस्टेलवरही सबमिशनच्या आदल्या रात्री हे चालतं, पण कारण वेगळं असतं!) १९०४ साली तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. ज्यांचं वर्ष गेलंय त्यांनी नोंद घ्यावी.

डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्याने विजेवर चालणारा गल्ला बनवला. त्यात एक बारकी मोटर होती. तिला दिवसभर चालायचं नव्हतं, फक्त क्षणभर जोर लावायचा होता. त्यामुळे तिच्यावर तेवढ्यापुरता जास्त लोड टाकला तरी ती जळत नाही. हीच आयडिया त्याने पुढे गाडीला लावली. तोवर गाडी हँडल मारून सुरू करावी लागे, आणि हँडल उलटं फिरलं की मनगट किंवा जबडा मोडायचा. १९०९ साली केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी डेल्को कंपनी काढली. त्यांचं काम डीड्सच्या घरामागच्या गोठ्यात चालायचं. १९१२च्या कॅडिलॅकला त्यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसला आणि हँडलचे दिवस भरले. पुढे डेल्को जनरल मोटर्समध्ये गेली आणि १९२० पासून केटरिंग जीएमच्या रिसर्चचा प्रमुख झाला.

आता रंगाकडे येऊ. त्या काळी गाडीला रंग द्यायचा तो घोडागाडीच्या पद्धतीने. तेल आणि व्हार्निशचे थरावर थर ब्रशने मारायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा मारायचा. असा रंग हवेतल्या ऑक्सिजनशी रिॲक्शन होऊन वाळतो आणि त्याला घाई चालत नाही. एका बॉडीला दोन ते चार आठवडे लागत. हिशोब करून बघा: रोज १००० गाड्या काढायच्या आणि रंगाला १५ दिवस लागतात, म्हणजे कोणत्याही दिवशी १५,००० बॉड्या नुसत्या वाळत पडलेल्या! फोर्डने यातून वेगळी वाट काढली होती. भट्टीत भाजता येणारा काळा रंग लवकर वाळायचा, म्हणून १९१४ पासून १९२५ पर्यंत मॉडेल टी फक्त काळी.

केटरिंगने रंगवाल्या मंडळींना बोलावून वेळ किती कमी होईल ते विचारलं. त्यांनी फार तर थोडासा म्हणून सांगितलं. याला हवा होता तासाभरात वाळणारा रंग. अशी गोष्ट सांगतात की न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्याने टाचण्या ठेवायची छोटी रंगीत तबकडी पाहिली, विकत घेतली आणि तो रंग कोण बनवतो याचा माग काढत न्यू जर्सीला पोचला. तो रंग भलताच लवकर वाळत होता, इतका की गाडीवर पोचायच्या आत हवेतच वाळेल. तरी केटरिंगला ही अडचण आवडली, कारण आता प्रॉब्लेम उलटा झाला होता.

उत्तर ड्युपॉन्टकडे होतं. (ड्युपॉन्टकडे जीएमचे भरपूर शेअर्स होते, त्यामुळे हे घरातलंच स्थळ.) न्यू जर्सीतल्या पार्लिनला त्यांचा फिल्मचा कारखाना होता. तिथे १९२० साली नायट्रोसेल्युलोजचा एक पिंप उन्हाळ्यात तसाच पडून राहिला आणि आतला घट्ट गोळा पातळ पाकासारखा झाला. पातळ, म्हणजे त्यात रंगद्रव्य भरपूर घालता येईल आणि स्प्रे गनने मारता येईल. ड्युपॉन्ट आणि केटरिंगच्या लोकांनी त्यावर दोन-तीन वर्षं घासाघीस केली. जीएमची १९२४ मॉडेलची ओकलंड गाडी निळ्या ड्युकोत बाजारात आली. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

एक किस्सा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. खरा-खोटा देव जाणे, पण सगळीकडे सांगितला जातो. वेळ कमी होणार नाही असं म्हणणाऱ्या एका रंगवाल्याला केटरिंगने जेवायला बोलावलं आणि गप्पांत त्याला कोणता रंग आवडतो ते काढून घेतलं. जेवण झाल्यावर पाहुण्याला त्याची गाडी काही सापडेना. समोर उभी होती ती त्याचीच होती, फक्त रंग बदललेला होता.

हे सगळं मला पुस्तकापेक्षा मामाच्या गाडीमुळे कळलं. मामाची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आम्ही मे महिन्यात घरच्या अंगणात रंगवली. खरं काम पेंटरचाचांचं, मी हेल्पर. जुना रंग घासणं, गंज काढणं, मग लांबी भरणं. (लांबी म्हणजे लेंग्थ एवढंच मला माहीत होतं! पत्र्यावरचे खड्डे ज्या लुकणाने भरतात तीही लांबीच.) ती ८० नंबरच्या पेपरने उतरवायची, मग २२०, ४००, वर सरफेसर, पुन्हा वॉटर पेपर. चाचांचा अर्धा वेळ नुसता हात फिरवण्यात जायचा. डोळ्याला न दिसणारा खळगा बोटाला कळतो. रंग त्यांनी एन.सी. निवडला, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच, केटरिंगच्या खानदानातला. त्यातला थिनर उडाला की काम झालं, रिॲक्शनची वाट बघायला नको. एखादा ओघळ आलाच तर घासून वर पुन्हा मारता येतं, कारण नवा थर खालच्या थराला थोडा विरघळवून त्यात मिसळतो. घरी काम करणाऱ्याला हा रंग सांभाळून घेतो तो असा. चमक शेवटी रबिंग कंपाउंडने काढायची. फक्त पाऊस यायच्या आत उरकायचं. थिनर उडताना पत्रा गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग पांढुरका पडतो.

एका संध्याकाळी बॉनेट उघडून बघितलं तर आतही केटरिंगच. स्टार्टर त्याचा. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट असलेल्या इग्निशनला तर केटरिंग इग्निशन असंच नाव आहे. आणि ज्या पेट्रोलवर ती गाडी पहिली बारा-चौदा वर्षं चालली, त्यातही तो होता. इथे मात्र मला त्याचं कौतुक करता येत नाही.

इंजिन नॉकिंग करतं ते थांबवायला काय घालावं याचा शोध केटरिंगच्या लॅबमध्ये थॉमस मिजली घेत होता. ९ डिसेंबर १९२१ला टेट्राएथिल लेड सापडलं. चिमूटभर घातलं तरी नॉकिंग गायब. अल्कोहोलनेही नॉकिंग कमी होतं हे याच लोकांनी तपासलेलं होतं. पण अल्कोहोल बरंच घालावं लागतं आणि ते कोणीही बनवू शकतो. लेडचं तसं नव्हतं. १९२३ साली डेटनमध्ये लेडवालं पेट्रोल विकायला सुरुवात झाली. १९२४ साली जीएम आणि स्टँडर्ड ऑइलने एथिल कंपनी काढली आणि तिचा अध्यक्ष झाला केटरिंग. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे स्टँडर्ड ऑइलच्या प्लँटमध्ये हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. डेटनमध्येही आधी माणसं दगावली होती.

मे १९२५मध्ये वॉशिंग्टनला सरकारने बैठक बोलावली. डॉ. ॲलिस हॅमिल्टनसारख्या तज्ज्ञांनी स्पष्ट विरोध केला. शिसं विषारी आहे हे तेव्हा नवीन नव्हतं. केटरिंग उभा राहिला तो लेडच्या बाजूने. विक्री काही महिने थांबली आणि १९२६ साली पुन्हा सुरू झाली. रंगाच्या बाबतीत तज्ज्ञ नाही म्हणाले तर हा माणूस टाचण्यांच्या तबकडीमागे दुसऱ्या राज्यात गेला. लेडच्या बाबतीत दुसरा पर्याय त्याच्या स्वतःच्या लॅबच्या वहीत होता. तिथे त्याचा हट्ट कुठे गेला? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, तो मूर्ख नव्हता आणि दुष्टही नव्हता, पण यावेळी वाट बघत असलेला माल त्याच्या स्वतःच्या कंपनीचा होता.

१९४५ साली न्यूयॉर्कमध्ये कॅन्सरवर संशोधन करणारी स्लोन-केटरिंग इन्स्टिट्यूट निघाली. १९४७ साली तो जीएममधून निवृत्त झाला आणि २५ नोव्हेंबर १९५८ला डेटनमध्ये गेला. मिशिगनमधल्या फ्लिंटच्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९९८ पासून त्याचं नाव आहे. भारतात लेडवालं पेट्रोल २००० साली बंद झालं, जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियात, २०२१ साली. आणि नॉकिंगसाठी बाजूला सारलेलं ते अल्कोहोल आता आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के आहे.

सुट्टीत कोणी जुनी गाडी घासायला घेणार असेल तर एक सांगतो. जुन्या प्रायमरमध्ये आणि पिवळ्या-केशरी रंगांत शिसं असू शकतं. जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, आणि गंज लागू नये म्हणून पत्र्यावर तोच मारत असत. तेव्हा कोरडं घासू नका, पाणी मारून वॉटर पेपरनेच घासा. तोंडाला नुसता रुमाल नको, चांगला मास्क लावा. लहान मुलांना अंगणात येऊ देऊ नका. आणि पोहे खायच्या आधी हात साबणाने धुवा, चाचा दर वेळी धुवायचे.