ना माईक, ना स्टेज. रेल्वेच्या फलाटावर झाली होती अब्दुल करीम खाँसाहेबांची शेवटची मैफल

पुण्यात दरवर्षी होणारा सवाई गंधर्व महोत्सव तुम्हाला ठाऊक असेलच. त्याची मुळं ज्या गळ्यात आहेत, त्याची ही गोष्ट.

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. किराणा घराण्याला त्याच गावावरून नाव मिळालं. बडोद्याच्या दरबारात गायक असताना ताराबाई माने यांच्याशी त्यांचं जमलं. दोघांनी बडोदा सोडलं आणि पुढं खाँसाहेब मिरजेचे झाले. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांचीच मुलं.

1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. शिष्यांचा खर्च भागवायला ते तिकीट लावून जलसे करायचे.

त्यांचं गाणं आरडाओरडीचं नव्हतं. आवाज बारीक, हळुवार. तानपुरा नीट जुळल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. मग एकेका सुरावर ते निवांत रेंगाळायचे. दक्षिणेतल्या गाण्याचाही त्यांनी अभ्यास केला. म्हैसूरच्या दरबारातही त्यांना मान होता.

ऑक्टोबर 1937. मद्रासकडचे कार्यक्रम आटोपून खाँसाहेब रेल्वेनं पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोविल या छोट्या स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच अंथरूण घातलं गेलं. असं सांगतात की, त्यांनी नमाज पढली, तानपुरा जुळवून घेतला आणि दरबारी रागात देवाचं नाव गायला सुरुवात केली. ऐकायला होते फक्त सोबतचे मोजके लोक. गाणं थांबलं, ते आडवे झाले आणि तिथंच त्यांनी प्राण सोडला. तारीख होती 27 ऑक्टोबर. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथं आजही दरवर्षी त्यांच्या आठवणीत गवई गातात.

पण गाणं फलाटावर संपलं नाही. त्यांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून गदगचा एक पोरगा गुरूच्या शोधात घरातून पळाला होता. त्याला गुरू भेटले तेही खाँसाहेबांचेच शिष्य, सवाई गंधर्व. तो पोरगा म्हणजे भीमसेन जोशी. 1953 पासून गुरूच्या नावाचा महोत्सव पुण्यात त्यांनीच उभा केला.

आज तिथं हजारो लोक बसतात. खाँसाहेबांच्या शेवटच्या मैफलीला मात्र ओंजळभर माणसं होती.