फादर थॉमस स्टीफन्स आणि प्रार्थनेचें प्रयोजन

मंगळवेढ्याची ज्वारी परतीच्या पावसावर आणि काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर येते, हें येथील वाचकांस सांगावयास नको. तो पाऊस हुकला म्हणजे घरोघरीं देवापुढें गाऱ्हाणें घातलें जातें. आणि एवढें करूनही आभाळ कोरडेंच राहिलें, तर एक प्रश्न मनांत उभा राहतो, जो उघड बोलण्याचा धीर पुष्कळांस होत नाहीं. मग प्रार्थना केली ती कशासाठीं? दामाजीपंत आणि चोखोबा यांच्या गांवीं हा प्रश्न नवा नाहीं. ख्रिस्ती माणसानें त्याचें उत्तर कोठें शोधावें असें आम्हांस कोणी विचारिलें, तर आम्हीं त्यास प्रथम एक चरित्र वाचावयास सांगूं. तें चरित्र फादर थॉमस स्टीफन्स यांचें होय. ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे, परंतु त्या ग्रंथाच्या मागें उभा असलेला प्रार्थनाशील पुरुष फारसा कोणी पाहिलेला नाहीं.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. ते वयांत आले तेव्हां एलिझाबेथ राणीचा अंमल होता आणि त्या देशांत मिस्सा करणें व ऐकणें हा गुन्हा ठरला होता. जी प्रार्थना आज आपण दारें उघडीं टाकून करतों, तीच तेथें दारें लावून करावी लागे. अशा दिवसांत त्यांची थॉमस पाउंड नांवाच्या एका श्रीमंत गृहस्थाशीं गांठ पडली. हा पाउंड एके काळीं राणीच्या दरबारांतला मोठा शौकी माणूस. एकदां नाचतांना तो राणीसमोर पडला व तिनें त्याची थट्टा केली, तेव्हांपासून त्याचें मन संसारावरून उडालें, असें सांगतात. स्टीफन्स यांनीं त्याच्या नोकराचा वेष घेतला आणि दोघे गुप्तपणें गांवोगांव हिंडून कॅथोलिक कुटुंबांस धीर देऊं लागले. दोघांचा हेतु एकच होता: रोमास जावें आणि येशूसंघांत प्रवेश करावा.

पुढें जें घडलें त्यावर आम्हीं वाचकांस थोडें थांबावयास सांगतों. निघण्याची सिद्धता झाली आणि पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटेच रोमास पोहोंचले व १५७५ च्या ऑक्टोबरांत संघांत दाखल झाले. दोघांची मागणी एक, दोघांची भक्ति एक. एकास वाट मिळाली, दुसऱ्यास बेडी. देवानें एकाचें ऐकलें व दुसऱ्याचें ऐकलें नाहीं, असें म्हणावें काय? स्टीफन्स तसें समजले नाहींत. त्यांनीं मित्रासाठीं वरिष्ठांकडे अर्ज केला, आणि १५७८ मध्यें संघाच्या प्रमुखांनीं तुरुंगांत असलेल्या पाउंडलाच संघाचा बंधु म्हणून स्वीकारिलें. तो सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत राहिला. जें त्यानें मागितलें तें त्यास मिळालें, पण मागितलें होतें त्या जागीं नव्हे. गेथशेमनी बागेंत प्रभूनें प्याला टळावा म्हणून विनविलें, आणि शेवटीं पित्याच्या इच्छेपुढें मान लवविली. ती प्रार्थना ज्यास कळली त्यास पाउंडची कथा कळण्यास अडचण पडूं नये.

१५७९ च्या एप्रिलांत फादर स्टीफन्स लिस्बनहून निघाले व त्याच वर्षाच्या २४ ऑक्टोबरास गोव्यास उतरले. जहाजावर दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व सत्तावीस दगावलीं. आणि तेवढे मृत्यु त्या काळीं थोडे समजले जात! ही हकीकत त्यांनीं आपल्या वडिलांस पत्रानें कळविली. हिंदुस्थानांत वस्ती केलेला पहिला इंग्रज तो हाच, असें बहुधा मानतात. परंतु पुढें इंग्रज ज्या कामासाठीं आले त्याच्याशीं यांचें कांहीं नातें नव्हतें.

त्यांचें पुढील सुमारें चाळीस वर्षांचें आयुष्य बहुतेक साष्टी प्रांतांत गेलें. आरंभच कठीण होता. १५८३ च्या जुलैमध्यें कुंकळ्ळी येथें फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार सोबती मारले गेले. देवळें पाडल्याचा संताप त्या गांवांत धुमसत होता, हें येथें लपविण्याचें कारण नाहीं. आणि त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या पुढाऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार केलें, हेंही लपवूं नये. त्या पांच जणांचीं प्रेतें परत मिळवून राशोल येथें त्यांस मूठमाती देण्याच्या कामीं फादर स्टीफन्स यांनीं खटपट केली. अशा भूमींत राहावयाचें तर तलवारीच्या आधारावर राहावें कीं लोकांच्या भाषेच्या, हा प्रश्न त्यांच्यापुढें होताच. त्यांनीं भाषा धरिली.

आणि येथेंच आम्हांस प्रार्थनेविषयीं त्यांचा विचार दिसतो. न समजणाऱ्या शब्दांचें पाठांतर म्हणजे प्रार्थना, अशी समजूत तेव्हां होती व अजूनही पुष्कळ घरीं आहे. फादर स्टीफन्स यांनीं धर्मशिक्षणाचें पुस्तक गोव्याच्या ब्राह्मणांच्या बोलींत, गुरु आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपानें लिहिलें, व त्यांत प्रभूची प्रार्थना, नमो मारिया आणि विश्वासांगीकार यांचा अर्थ उलगडून दाखविला. प्रभूच्या प्रार्थनेंत सात मागण्या आहेत. त्यांचा क्रम लक्षांत घ्यावा. पहिल्या तीन देवाच्या नांवासाठीं, राज्यासाठीं आणि इच्छेसाठीं. भाकरीची पाळी चौथी. भाकर मागूं नये असें प्रभु म्हणत नाहीं. पण ती ज्याच्याकडे मागावयाची त्याच्याशीं आधीं बाप-लेकराचें नातें जुळावें लागतें, आणि हें जुळणें हाच प्रार्थनेचा पहिला लाभ होय. पाऊस हा दुसरा.

‘ख्रिस्तपुराण’ही अशाच गरजेंतून जन्मलें. नव्या ख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें त्यांच्या हातून गेलीं होतीं. धर्मोपदेश चांगला, परंतु सायंकाळीं घरांत बसून वाचावें, ऐकावें असें कांहीं द्या, अशी त्यांची मागणी होती. ग्रंथाच्या आरंभीं तिचाच प्रसंग घातला आहे. तेव्हां फादरांनीं ज्ञानदेव आणि एकनाथ यांच्या ओवीचें वळण उचलिलें व उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा मराठींत गाइली. दोन भाग, पंचाण्णव अवस्वर, आणि १०,९६२ ओव्या! परकी मनुष्यास एवढी भाषा केवळ अभ्यासानें येते, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या भाषेंत माणूस रोज देवाशीं बोलतो तीच त्यास अशी वश होते. जात्यावर जी ओवी आमच्या आयाबायांच्या तोंडीं होती, ती अशा रीतीनें ख्रिस्तमंदिरांत आली आणि मिस्सेनंतर लोक ती बसून ऐकूं लागले.

हा ग्रंथ १६१६ मध्यें राशोल येथें छापून निघाला, तो रोमन अक्षरांत. देशी अक्षरांचे ठसे करून छपाई व्हावी अशी इच्छा फादरांनीं १६०८ च्या एका पत्रांत संघाच्या प्रमुखांस कळविली होती. ती पुरी झाली नाहीं. १६१९ मध्यें ते वारले. धर्मशिक्षणाचें पुस्तक १६२२ मध्यें, म्हणजे त्यांच्या पश्चात् निघालें, आणि त्यांनीं रचिलेलें कोंकणीचें व्याकरण १६४० मध्यें. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेवरच बंदी घातली. पुराणाच्या जुन्या छापील प्रती आज कोठें आढळत नाहींत. परंतु भाविक कुटुंबांनीं हातानें नकला करून तें जपलें, आणि त्यांच्याच आधारें १९०७ मध्यें मंगळूरास त्याची आवृत्ति निघाली. देवनागरींत लिहिलेली एक प्रत लंडनच्या संग्रहांत सांपडली. फादरांनीं मागितलेली देवनागरी छपाई शेवटीं १९५६ मध्यें पुण्यास झाली, पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनीं, आणि तें पुस्तक एका मराठी पंडितानें, शांताराम बंडेलू यांनीं, सिद्ध केलें.