कोऱ्या कागदाचं घर

एक काम करा. फोनवर टॉमस गर्टिनचं ‘द व्हाइट हाउस अ‍ॅट चेल्सी’ हे चित्र उघडा आणि त्यातलं छोटंसं पांढरं घर बोटानं झाका. नदी, पवनचक्की, ढग सगळं जागच्या जागी आहे, पण चित्र विझलं ना? आता बोट काढा. गंमत म्हणजे, ज्या घरानं चित्र उजळतं ते गर्टिननं रंगवलेलंच नाही. तेवढा कागद त्यानं कोरा सोडलाय!

गर्टिनचा जन्म 1775चा, लंडनच्या साउथवर्कमधला. वडील ब्रश बनवायचे. ते लवकर गेले. पोरगा एडवर्ड डेज या चित्रकाराकडे उमेदवारीला लागला. तेव्हा जलरंग म्हणजे दुय्यम काम समजलं जाई. आधी रेषा, मग करड्या रंगाची छाया आणि वरून हलका रंग. चित्र कसलं, रंगवलेला नकाशाच!

डॉ. मन्रो नावाच्या कलाप्रेमी डॉक्टरांकडे संध्याकाळी तरुण चित्रकार जमत आणि जुन्या चित्रांच्या नकला करत. तिथे गर्टिन रेषा काढायचा आणि त्याच्याच वयाचा दुसरा मुलगा त्यात रंग भरायचा. तो मुलगा म्हणजे टर्नर!

पुढे गर्टिन उत्तर इंग्लंडमध्ये भटकला. तिथल्या उघड्या माळरानांनी त्याचा हात मोकळा केला. करडी छाया सोडून तो थेट रंगानंच प्रकाश-सावली दाखवू लागला. गुळगुळीत कागदाऐवजी खरखरीत, पाणी शोषणारा कागद घेऊ लागला.

आता 1800 सालच्या त्या चित्राकडे परत या. डोळे किलकिले करून बघा. तपशील जाऊन फक्त आकार उरतील. वर मोकळं आकाश, खाली संथ थेम्स आणि मधे जमिनीची बारीक पट्टी. सगळं आडवं, निवांत. एवढ्यावर चित्र झोपलं असतं. म्हणून डावीकडे पवनचक्की उभी आहे. घराचं पाण्यातलं प्रतिबिंबही उभं उतरतं आणि वरचा भाग खालच्याशी जोडतं. घर मधोमध नाही, किंचित उजवीकडे आहे. त्यामुळे नजर पवनचक्कीवरून निघून काठाकाठानं तिथे पोचते. आजूबाजूचे रंग संध्याकाळचे, दबलेले. म्हणूनच कोरा कागदही दिव्यासारखा वाटतो. पाण्यात रंग घालण्याआधीच त्यानं ठरवलं असणार, इथे ब्रश लावायचा नाही. जलरंगात हा निर्णय मागाहून घेता येत नाही.

वेळही त्याच्याकडे कमीच होता. तब्येत ढासळलेली असतानाही तो 1801मध्ये पॅरिसला गेला, तिथल्या रस्त्यांची आणि नदीची चित्रं केली. 1802मध्ये लंडनचा 108 फूट लांब, 18 फूट उंच पॅनोरमा लोकांपुढे मांडला. त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला तो गेला. वय 27.

टर्नर 1851पर्यंत जगला आणि जगभर गाजला. गर्टिन जगला असता तर आपण उपाशी मेलो असतो, असं तो म्हणायचा, अशी आठवण सांगतात.

पुढच्या वेळी लँडस्केप करायला बसाल तेव्हा रंगाची डबी उघडण्याआधी एवढंच ठरवा, कागदावरची कुठली जागा कोरी ठेवायची. मग ती शेवटपर्यंत सांभाळा. हात शिवशिवेल, पण सांभाळा.