वाक्य कुठे संपते? वि. का. राजवाडे आणि वाईचे दफ्तर

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे म्हटले की लोकांना २२ खंडांची 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' आठवतात. ते तितकेच व्याकरणाचेही अभ्यासक होते, हे सहसा सांगितले जात नाही.

त्यांचा जन्म १८६३ चा, कोकणातल्या वरसईचा. शिक्षण पुण्यात झाले. पत्नी लवकर वारली, पुन्हा लग्न केले नाही. शिक्षकाची नोकरी काही काळ केली आणि सोडली. पहिला खंड १८९८ मध्ये निघाला तो सातारा जिल्ह्यातल्या वाईहून. त्यातली पत्रे १७५० ते १७६१ मधली, म्हणजे पानिपतापर्यंतची, आणि मोडी लिपीतली.

मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'पत्रपावलेमजकूरकळला' अशा धर्तीचा मजकूर ओळीमागून ओळी चालतो. मग वाक्य तोडायचे कुठे? मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, म्हणून 'पावले'पाशी एक वाक्य संपले आणि 'कळला'पाशी दुसरे. डचमध्ये ही खूण चालणार नाही. तिथे साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येते आणि 'कारण', 'जर' अशा अर्थाच्या शब्दाने सुरू होणाऱ्या उपवाक्यात शेवटी सरकते. मोडी वाचणाऱ्याचे नशीब म्हणायचे! तरी चूक झाली तर कर्ता बदलतो, आणि लढाईतून कोण निघाले नि कोण थांबले, तेच उलटे होते.

याच सुमारास मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांची कागदपत्रे छापत होते. अडचण तीच.

पत्रांतल्या फारसी शब्दांचीही राजवाड्यांनी मोजदाद केली. शिवाजी महाराजांच्या आधीच्या पत्रांत फारसी भरमसाट आणि पुढे ती ओसरत गेलेली, असे त्यांना आढळले. पण 'हुकूम केला', 'रवाना केले' या जोड्या पाहा. नाम बाहेरचे, क्रियापद घरचे. वाक्याचा सांगाडा मराठीच राहिला. (दोन वाक्ये जोडणारा आपला 'की' मात्र फारसीतून आला, असे अनेक अभ्यासक मानतात.)

मग ते मागे वळले, थेट ज्ञानेश्वरीकडे. बीडजवळच्या पाटांगणला मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे स्वतंत्र व्याकरण लिहिले. जुन्या मराठीत 'देवु' म्हणजे कर्ता आणि 'देवें' म्हणजे आजचे 'देवाने'. नाते शब्दाच्या शेवटातच असल्याने शब्दांची जागा हलली तरी अर्थ हलत नसे. पोथी एकनाथांच्या १५८४ च्या संशोधित प्रतीपूर्वीची आहे, असा त्यांचा दावा होता. तो पुष्कळ विद्वानांनी मान्य केला नाही. व्याकरणाचे काम मात्र त्या वादापलीकडे उपयोगी राहिले, असे आम्हाला वाटते.

स्वभाव तापट. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांनीच उभे केले आणि पुढे तिथूनही ते दूर झाले. लिहिले ते मराठीत. अखेरची वर्षे धुळ्यात गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले, तेव्हा धातुकोशाचे काम छापायचे राहिले होते. तो धुळ्याहून नंतर निघाला.