एड रॉबर्ट्स: कॉम्प्युटरचं किट विकून डॉक्टर झालेला माणूस

चंद्रपूरला घरी मी जुन्या 8080 चिपचा बोर्ड जोडतोय. चिप सॉकेटात बसवण्याआधी मल्टिमीटर लावायचा: 20 नंबरच्या पिनवर 5 व्होल्ट, 28 वर 12, 11 वर उणे 5. हे उणे 5 आलंच नाही तर चिप जळू शकते.

हीच चिप घालून एड रॉबर्ट्सने अल्टेअर 8800 बनवला. जन्म 1941, मायामी. व्हायचं होतं डॉक्टर, झाला इंजिनिअर. कॅल्क्युलेटरचे भाव कोसळले आणि त्याची कंपनी कर्जात बुडाली. बँकेकडून आणखी उसने घेऊन त्याने हे किट काढलं. 256 बाइट मेमरी, बस्स! जानेवारी 1975 मध्ये ते 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या कव्हरवर झळकलं आणि ऑर्डरी धो धो आल्या. त्याच्यासाठी बेसिक लिहूनच गेट्स आणि ॲलनची मायक्रोसॉफ्ट सुरू झाली.

1977 ला त्याने कंपनी विकली. 1986 ला, चाळिशी उलटल्यावर, मेडिकलची डिग्री घेतली आणि जॉर्जियातल्या कॉक्रन या लहानशा गावात दवाखाना थाटला. गडचिरोलीत डॉक्टर टिकणं किती अवघड, हे आपण बघतोच. म्हणून मला हा भाग अल्टेअरपेक्षा मोठा वाटतो. 2010 मध्ये न्यूमोनियाने तो गेला. त्या आजारपणात बिल गेट्स त्याला हॉस्पिटलात भेटून आला होता.