विश्लेषण : गिटार वाजवता न येणारे लिओ फेंडर गिटारचे सर्वात मोठे कारागीर कसे ठरले? घरी गिटार बनवणाऱ्यांनी त्यांच्याकडून काय शिकावे?

नांदेड किंवा लातूरमध्ये कोणी घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली, तर लाकूड सुताराकडे मिळते आणि बाकीचे सुटे भाग ऑनलाइन मागवता येतात. काम अडते ते एका छोट्या चौकटीपाशी. ही चौकट म्हणजे पिकअप माउंटिंग रिंग. पिकअप गिटारच्या अंगावर धरून ठेवणे आणि तो वर-खाली करू देणे, एवढेच तिचे काम. पण माप चुकले तर मेहनतीने कोरलेले लाकूड वाया जाऊ शकते. पिकअप कसा बसवायचा, या प्रश्नाला स्वतःचे वेगळे उत्तर देणारा माणूस म्हणजे लिओ फेंडर.

लिओ फेंडर कोण होते?

क्लॅरन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आठ वर्षांचे असताना गाठीमुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला आणि पुढे आयुष्यभर त्यांनी काचेचा डोळा वापरला. लहान वयातच एका नातेवाइकाच्या दुकानात सुट्या भागांपासून बनवलेला रेडिओ पाहून त्यांना इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागली.

शिक्षण मात्र त्यांनी अकाउंट्सचे घेतले आणि नोकरीही हिशेबनीसाची केली. महामंदीच्या काळात ती गेली. १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. पियानो आणि सॅक्सोफोन ते थोडेफार शिकले होते, गिटार मात्र त्यांना कधीच वाजवता आली नाही.

रेडिओच्या दुकानातून गिटार कशी आली?

दुकानात स्थानिक वादक आपले अ‍ॅम्प्लिफायर आणि पिकअप दुरुस्तीला आणत. कोणता भाग वारंवार बिघडतो, हे फेंडर यांना तिथे समजत गेले. १९४३ च्या सुमारास त्यांनी डॉक कॉफमन या मित्रासोबत भरीव लाकडाची एक ओबडधोबड गिटार बनवली. हेतू फक्त नव्या पिकअपची चाचणी घेण्याचा होता. पण वादकांना तिचा आवाज आवडला आणि ती भाड्याने जाऊ लागली.

दुसऱ्या धंद्यातून वाद्यांकडे वळणे आपल्याकडेही घडले आहे. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि मिरज सतार-तंबोऱ्यांचे गाव झाले. हातातली कारागिरी तीच होती, फक्त वस्तू बदलली.

त्यांची गिटार वेगळी का ठरली?

१९४६ मध्ये फेंडर यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. १९५० मध्ये भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. आज ती टेलिकास्टर म्हणून ओळखली जाते. १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली.

या गिटारींची नेक चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी बसवलेली होती. खराब झाली तर काढा आणि दुसरी लावा. पिकअपचेही तसेच. टेलिकास्टरचा मागचा पिकअप त्यांनी ब्रिजच्या धातूच्या पट्टीत बसवला. स्ट्रॅटोकास्टरचे तिन्ही पिकअप प्लास्टिकच्या पिकगार्डला टांगले. त्यामुळे वेगळ्या रिंगची गरजच पडली नाही. पिकगार्डचे स्क्रू काढले की सगळी वायरिंग एकदम हातात येते. दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेतून बनवलेले हे वाद्य होते.

मग रिंग कुठून आली?

फेंडर यांच्या पिकअपमध्ये तारेची एकच गुंडाळी असे. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्याच्यावर पोलादी तार थरथरली की गुंडाळीत वीज तयार होते. पण ट्यूबलाइट, मोटर, ट्रान्सफॉर्मर यांची घरघरही ती पकडते.

प्रतिस्पर्धी गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी यावर उपाय काढला. उलट दिशेने जोडलेल्या दोन गुंडाळ्या एकमेकींची घरघर खोडून काढतात. हा हंबकर पिकअप. त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज झाला. गिब्सनच्या भरीव गिटारींवर पिकगार्ड इतका मोठा नव्हता की पिकअप त्याला टांगता येतील. त्यामुळे हंबकरभोवती चौकोनी रिंग आली. तिच्या चार कोपऱ्यांचे स्क्रू लाकडात जातात आणि मधले दोन स्क्रू स्प्रिंगच्या आधाराने पिकअप वर-खाली करतात.

कोणती रिंग निवडावी?

रंग आणि चकाकी शेवटी पाहा. आधी या गोष्टी तपासा.

तळ : गिटारचा पृष्ठभाग सपाट असेल तर सपाट तळाची आणि फुगीर असेल तर वक्र तळाची रिंग घ्या. सपाट लाकडावर वक्र रिंग आवळली तर प्लास्टिक तडकू शकते.

उंची : नेक मागे कललेली असेल तर तारा ब्रिजकडे जाताना लाकडापासून वर जातात. तेव्हा नेककडे कमी उंचीची आणि ब्रिजकडे जास्त उंचीची रिंग लागते. नेक फेंडरसारखी सरळ बसवली असेल तर दोन्हीकडे कमी उंचीची रिंग चालू शकते. आधी नेक आणि ब्रिज बसवा, कडेच्या दोन तारा ताणा आणि मगच अंतर मोजा.

माप : सगळ्या कंपन्यांच्या रिंगांची छिद्रे एकाच अंतरावर नसतात. पिकअप आणि रिंग हातात आल्यावर व्हर्निअर कॅलिपरने मोजा, पुठ्ठ्याचा साचा कापा आणि त्यानंतरच लाकूड कोरा.

धातू : साध्या लोखंडाची रिंग टाळा, कारण ती चुंबकाच्या क्षेत्रात येते. प्लास्टिक, लाकूड किंवा पितळ चालते.

स्क्रू : बारीक छिद्र आधी पाडून घ्या आणि स्क्रूला थोडा साबण किंवा मेण लावा. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, म्हणून मोसम बदलला की स्क्रू एकदा तपासा.

पिकअप तारांच्या फार जवळ आणला तर चुंबक तार ओढतो आणि स्वर लवकर विरतो. फार खाली ठेवला तर आवाज क्षीण होतो. योग्य उंची कानानेच ठरवावी लागते.

कंपनी विकल्यावर काय झाले?

सततच्या आजारपणाने आपण फार जगणार नाही, असे वाटून फेंडर यांनी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे डॉक्टर बदलले आणि तब्येत सुधारली. पण तोवर कंपनी गेली होती आणि गिटारवर स्वतःचे नाव लिहिण्याचा हक्कही तिच्याबरोबर गेला होता.

तरीही ते थांबले नाहीत. आधी म्युझिक मॅन आणि मग १९८० च्या सुमारास, सत्तरीत, जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत जी अँड एल ही कंपनी उभी केली. पार्किन्सन्सने गाठले तरी काम सुरू राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

जी अँड एलसाठी त्यांनी केलेल्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखालचा खांब बारीक अ‍ॅलन कीने वेगवेगळा वर-खाली करता येतो. वाद्य एकदा बनवून संपत नाही, वाजवणाऱ्याला ते पुन्हा उघडून जुळवता आले पाहिजे, हा दुरुस्तीच्या दुकानातला धडा त्यांनी शेवटपर्यंत पाळला. रिंग निवडतानाही कसोटी हीच ठेवावी : उद्या ही गिटार उघडावी लागली, तर लाकडाला धक्का न लावता उघडता येईल का?